तिच्या बोटीचा रेडिओ मी निवडला

आमची मुलगी कुठलीही गोष्ट मला विचारून करत नाही. इंजिनिअरिंग तिच्या मनाने, पुण्यातली नोकरी तिच्या मनाने, आणि एकतिसाव्या वर्षी एका मैत्रिणीबरोबर भागीत जुनी शिडाची बोट घेतली, तीही आम्हाला फोटो आल्यावर कळली. सव्वीस फुटी बोट, दाभोळच्या खाडीत उभी. आता नाशिकच्या माणसाला समुद्राचं काय कौतुक? आमच्याकडे पाणी म्हणजे धरणाचं, आणि तेही नळाला सकाळी तासभर. फोटो बघून मी फोनवर अर्धा तास ओरडलो. पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "बाबा, एक काम होतं. बोटीवर रेडिओ बसवायचाय. तुम्ही निवडाल का? तुमचा विषय आहे तो."

झालं! आतापर्यंत काय बोलत होतो तेच मी विसरलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पाघळले बघा लगेच." पाघळलोच होतो. तोफखान्यात वायरलेसवर अठ्ठावीस वर्षं काढली, देवळाली कॅम्पातून निवृत्त झालो, इंदिरानगरात घर बांधलं, आणि तेव्हापासून माझ्या ज्ञानाचा उपयोग म्हणाल तर शेजारी विचारतात, काका, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी किती घालायचं? मुलीने विचारलं याचा मला इतका आनंद झाला की त्या दिवशी जॉगिंग ट्रॅकवर मी दोन फेऱ्या जास्त मारल्या आणि भेटेल त्याला सांगत सुटलो.

मला स्वस्थ बसता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. काम नसलं तर मी फ्यूज काढून परत बसवतो. आता तर खरंच काम मिळालं होतं. तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. समुद्रावरच्या रेडिओत सोळा नंबरचा चॅनल सगळ्यांनी ऐकत राहायचा आणि संकटात त्यावरच हाक मारायची, इथपर्यंत सोपं होतं. पण नव्या सेटमध्ये जहाजं दिसायचीही सोय असते. मोठी जहाजं आपलं नाव, जागा, वेग, दिशा सारखी हवेत सोडत असतात आणि आपल्या सेटच्या पडद्यावर त्यांचे बाण उमटतात. त्यात दोन प्रकार. एक सेट नुसता ऐकतो. म्हणजे तुम्हाला सगळी जहाजं दिसतात, पण तुम्ही कुणाला दिसत नाही. दुसरा ऐकतोही आणि तुमची जागाही सांगत राहतो.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, मला वाटतं दुसरा घ्यावा."

"वाटणं-बिटणं सोड," मी म्हणालो. "मला कळतं त्यातलं."

आणि मला खरंच कळतं असं मला वाटत होतं. नवीन भरती असताना एका सरावात मी वायरलेसवर गरजेपेक्षा चार वाक्यं जास्त बोललो होतो. समोरच्या पार्टीने त्यावरून आमची जागा शोधली आणि पंचांनी आमची सगळी चौकी मेली म्हणून जाहीर केली. नियमाप्रमाणे मेलेल्यांनी दंडाला पांढरी पट्टी बांधून बसायचं. भर उन्हात सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी मेलेला बसून होतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जवान विचारत होता, कसं वाटतंय वर? त्या दिवसापासून एक गोष्ट हाडात बसली. ऐकावं सगळ्यांचं, पण आपला पत्ता लागू देऊ नये. बटण दाबलंस की सापडलास.

दुसरी गोष्ट मी तिला सांगितली नाही, पण खरी तीच होती. ती जागा कोणालाही मोबाइलवर बघता येते. दोन पोरी, दोघीच, भर समुद्रात, आणि कुठल्याही टपोऱ्याने घरबसल्या बघावं की त्या आत्ता कुठे आहेत? छे! मला ते सहनच होईना. माझी मुलगी कुठे आहे हे जगाला कशाला कळायला हवं?

बायको भाजी निवडत होती. तिने एवढंच विचारलं, "मग आपल्याला कसं कळणार ती कुठंय ते?"

"पोचली की फोन करेल."

"आणि पोचली नाही तर?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला! शुभ बोल जरा." एवढं बोलून मी उठून गच्चीवर गेलो. उत्तर नसलं की मी गच्चीवर जातो, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

सेट आणायला मी स्वतः मुंबईला गेलो, गोदीजवळच्या एका दुकानात. दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, "काका, छोट्या बोटीसाठी आपली जागा सांगणारा घ्या. मोठ्या जहाजाला छोटी बोट रडारवर धड सापडत नाही." मी त्याला म्हणालो, तुम्ही विका, शिकवू नका. त्याने मी सांगितला तो सेट खोक्यात घातला. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे आमच्या घरात फक्त माझ्यासाठी लिहिलेलं आहे.

घरी आणून गच्चीवर टाकीजवळ बॅटरीला जोडून बघितला. पडद्याच्या मधोमध मी, भोवती गोल वर्तुळं, आणि वर्तुळांत काहीही नाही. नाशिकला जहाज कुठून येणार! पण सेट उत्तम होता. मी दाभोळला जाऊन तो स्वतः बसवला, अँटेना स्वतः चढवली. शिवाय एक वही आखून दिली. रेडिओवर कोणालाही हाक मारली की वेळ लिहायची, कोणाला मारली ते लिहायचं, उत्तर काय आलं ते लिहायचं. मुलीची मैत्रीण हसत होती. मुलगी हसली नाही, तिने वही नीट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली.

पहिली फेरी डिसेंबरात ठरली, दाभोळ ते रत्नागिरी. पहाटे साडेसहाला "निघालो" असा तिचा मेसेज आला. त्यानंतर फोनला रेंज नाही, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत पोचू म्हणाली होती.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. सात वाजता मी मोबाइलवर जहाजांचा नकाशा उघडला. अख्ख्या किनाऱ्यावर बाणच बाण. कुठलं जहाज कुठून आलं, कुठे चाललंय, सगळं दिसत होतं. परदेशी जहाजं दिसत होती, जहाजं ओढणारे टग दिसत होते, एक गाळ काढायचं यंत्रसुद्धा दिसत होतं. फक्त माझी मुलगी दिसत नव्हती. ती दिसू नये अशी व्यवस्था मीच तर केली होती.

मग मी कागद-पेन्सिल घेतली. वारा बेताचा, म्हणजे तासाला चार मैल धरायचे. आठ वाजता इथे असेल, नऊ वाजता इथे. बायको दर अर्ध्या तासाने येऊन विचारायची, "कुठंय ती?" आणि मी नकाशावर बोट ठेवून सांगायचो, "इथे असेल."

"असेल?"

"आहे! इथे आहे!" मी ओरडायचो. मग चहा व्हायचा, तो निवून जायचा. मी फाटकापर्यंत जाऊन यायचो. शेजाऱ्याने हाक मारली तर मी त्यालाही काहीतरी वाकडं बोललो. जीव नुसता टांगणीला लागला होता, आणि तो टांगलाय कोणी, तर मीच, म्हणून राग कोणावर काढावा तेही कळेना.

पावणेअकराच्या सुमारास एक लांबलचक जहाज बाहेरून जयगडच्या दिशेने आत वळताना दिसलं. माझ्या हिशेबाने मुलगी त्या वेळी जयगडसमोरच असणार होती. माझं बोट तिथेच होतं. तो बाण सरकत सरकत माझ्या बोटाखाली आला आणि बोटाखालून पलीकडे गेला. मी बायकोला बोललो नाही. मनाशी म्हणालो, एवढा मोठा समुद्र आहे, माझा हिशेब चुकला असेल, आणि शिवाय तिला जहाज दिसतंय की.

साडेपाचला फोन आला. "पोचलो बाबा. सगळं ठीक." बायकोने देवापुढे साखर ठेवली. मी विचारलं, "रेडिओ कसा चालला?" ती म्हणाली, "मस्त." मी तो शब्द चारचौघांत महिनाभर मिरवला. गंगापूर रोडला एका लग्नात तर मी अनोळखी माणसाला पकडून सेटची सगळी माहिती दिली.

जानेवारीत त्या दोघी बोट परत दाभोळला घेऊन आल्या आणि पुढच्या शनिवारी मुलगी घरी आली. सकाळची वेळ, बायको भाकऱ्या करत होती, मुलगी वांग्याचं भरीत खात बसली होती. मी म्हणालो, "वही आणलीस का?" तिचा घास थांबला. म्हणाली, "राहू द्या ना बाबा, नंतर बघा." वायरलेसवर इतकी वर्षं माणसांचे आवाज ऐकले आहेत मी. मी तिच्या बॅगेतून वही काढली.

पहिल्या फेरीचं पान. सुवाच्य अक्षर. दहा बेचाळीस, जहाजाला हाक, उत्तर नाही. दहा चव्वेचाळीस, हाक, उत्तर नाही. दहा शेहेचाळीस, हाक, उत्तर आलं. त्यापुढे पान कोरं होतं.

"काय उत्तर आलं?"

ती ताटाकडे बघत म्हणाली, "तुम्ही कुठे आहात, आम्हाला कोणी दिसत नाही, असं म्हणाले."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हवा धुरकट होती. सहा मैलांवर ते जहाज सेटवर दिसलं तेव्हा यांना वाटलं, त्यांच्या रडारवर आपणही दिसत असू, वळतील. मग वारा पडला. शीड नुसतं फडफडायला लागलं. इंजिन सुरू करायला गेल्या तर दोनदा ते धरलंच नाही. तिसऱ्यांदा धरलं तेव्हा जहाज इतकं जवळ होतं की मान वर करून बघावं लागत होतं. वरती नारिंगी कपड्यातला एक माणूस पाठमोरा काहीतरी घासत होता. "त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही," ती म्हणाली. "त्याच्या लाटेने आम्ही दोघी आडव्या पडलो. बाकी काही नाही."

बाकी काही नाही! तव्यावरची भाकरी करपली तरी बायकोला कळलं नाही. आणि माझं नेहमीचं आहे, मी घाबरलो की ओरडतो. "मग त्याच दिवशी सांगितलं का नाहीस? दुसरा सेट का घेतला नाहीस? परत येताना काय केलंत?"

"तसंच आलो."

"तसंच? त्याच सेटवर? एवढं होऊनही? अक्कल गहाण टाकली होती का?"

मी हे इतक्या जोरात बोललो की तिने ताटाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. एकतीस वर्षांची बाई. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना अशीच धरायची.

"तुम्ही इतक्या हौसेने निवडला होता," ती म्हणाली. "दुसरा घेतला असता तर तुम्हाला त्याचं कारण सांगावं लागलं असतं. तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि..."

"आणि काय?"

"आणि तुम्ही ओरडला असता."

मी खुर्चीत बसलो. तेव्हा कुठे एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली. समोरून जहाज अंगावर येऊन गेलं होतं, आणि तरीही माझी मुलगी दुसऱ्यांदा त्याच सेटवर समुद्रात गेली होती, कारण तिला जहाजापेक्षा माझी भीती जास्त वाटत होती.

मी आयुष्यात कोणापुढे हार मानलेली नाही. साहेबांपुढे नाही, बायकोपुढे तर नाहीच. पण बोललो. म्हणालो, "बाळा, माझं चुकलं. सेट चुकीचा घेतला. तू बरोबर सांगत होतीस."

जहाजाची हकिगत सांगताना तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता मात्र तिने ताट बाजूला सरकवलं आणि टेबलावर डोकं टेकून ती ढसाढसा रडायला लागली.