मामंजींचा शब्द आणि माझी शेळी

माझी शेळी चरायला कधी गेली नाही. हे मी आजही मान वर करून सांगते. ऐकणारे हसतात, कारण शेळी म्हटलं की बांधावर उड्या मारणारी, दुसऱ्याच्या रानात तोंड घालणारी, असंच लोकांच्या डोळ्यांपुढं येतं. माझी दावणीला उभ्यानं वाढली, आणि अशी वाढली की लोक वाट वाकडी करून बघायला यायचे.

गोष्ट पंचावन्न सालच्या आसपासची. भोसरी ओलांडून चाकणच्या वाटेला लागलं की इंद्रायणीच्या अलीकडं आमचं गाव. जिथं आमचा हरभरा असायचा तिथं आता कंपनीची भिंत आहे. मी लग्न होऊन आले ती खेडच्या पलीकडच्या डोंगरातून. वडिलांनी आंदण म्हणून एक काळी पाट दिली होती, म्हणजे अजून न व्यालेली शेळी. माहेरी आमच्याकडं शेळ्याच शेळ्या. सासर मात्र बैलवाल्यांचं. त्या घरात शेळी म्हणजे चोराची जात. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शेळीकडं एकदा बघितलं. ते सरळ पारावर गेले आणि चार माणसांत म्हणाले, "सुनंची शेळी ऱ्हाईल. पन पिकाच्या एका पानाला तोंड लागलं, तर येत्या शनवारी ती चाकणच्या बाजारात उभी."

मामंजींचा शब्द म्हणजे काय, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. एका सोयऱ्याच्या घरचं पाणी पिणार नाही असं रागाच्या भरात एकदा म्हणाले, तर पुढं त्याच घरच्या लग्नाला घरून तांब्या भरून घेऊन गेले होते. मी मनात म्हटलं, बरं आहे, तुम्ही तुमचा शब्द पाळा, मी माझी शेळी पाळते.

शेळीला खाऊ घालणं ही अक्कल आहे, आणि ती मला होती. गाईबैलांपुढं टाकतात तसं शेळीपुढं जमिनीवर टाकलं, तर ती दोन घास खाते, त्यावर पाय देते, आणि पाय पडलेलं पुन्हा हुंगतही नाही. म्हणून मी पाल्याची जुडी बांधून आढ्याला उलटी टांगायची, तिच्या नाकापेक्षा हातभर उंच. मान उंचावून, पुढचे पाय खांबाला लावून खायला मिळालं की तिला आपण रानातच आहोत असं वाटायचं. एकच पाला रोज दिला की ती रुसायची. आज बोर, उद्या उंबर, परवा बाभूळ, मधूनच चिंचेची डहाळी. आणि एका झाडाचं एका वेळी मूठभरच घ्यायचं, नाहीतर झाड बोडकं होतं आणि मालक दारात येतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तर मी घरोघर फिरून वाटून झालेलं आपट्याचं सोनं टोपलीत गोळा केलं. आत्याबाई, माझ्या सासूबाई, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता सोनं बी शेळीलाच घाल."

बाकीचं तिचं जेवण घरातल्या टाकाऊतून निघायचं. भुईमूग काढल्यावर वेल वाळवून ठेवायचे. तुरी बडवल्या की शेंगांची टरफलं माझी. जात्यावर डाळ भरडली की खाली राहणारी चुणी माझी. बैलांनी चघळून सोडलेली कडब्याची बुडखीसुद्धा मी कोयत्यानं बारीक करून चुणीत कालवायची. पिकाचं हिरवं पान मात्र मी तिच्या दाव्याच्या आसपासही येऊ दिलं नाही. दुसऱ्या वर्षी ती व्याली, दोन करडं झाली, आणि दोघांचं पोट भरून वर घराला चहापुरतं दूध निघू लागलं. मामंजी तो चहा रोज प्यायचे. चांगला झालाय असं मात्र कधी म्हणाले नाहीत.

मग मार्गशीर्ष आला. हरभरा वीतभर झाला की त्याचे शेंडे खुडतात, म्हणजे तो फुटतो आणि घाटे जास्त लागतात. आम्ही बाया दिवसभर खुडत होतो. थोडे भाजीला घेतले, बाकीचे बांधावर ढीग घालून ठेवले. संध्याकाळी घरी आले तर शेळी दात खात उभी. डावी कूस फुगून ढोल झालेली. तोंड हुंगलं तर हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेचा वास.

आत्याबाई म्हणाल्या, "तोडलं वाटतं दावं."

दावं तर जागच्या जागी होतं. म्हणजे कोणीतरी आणून घातलं होतं. पण आधी तिचा जीव महत्त्वाचा. कडुनिंबाची काडी तिच्या तोंडात आडवी घालून शिंगांमागं बांधली, म्हणजे ती चघळत राहते आणि ढेकर निघतो. करडईचं तेल हळूहळू पाजलं. मग अंगणात फेऱ्या. पाचव्या-सहाव्या फेरीला तिनं लांबलचक ढेकर दिला, आणि मी तिथंच मातीत बसले.

तेव्हा मामंजी गोठ्याच्या दारातून बोलले. "म्या घातलं. खुडलेलं वाया जात हुतं. म्हटलं खाईल बिचारी."

म्हणजे हा माणूस चोरून माझ्या शेळीचे लाड करत होता. मला हसू यायला हवं होतं, पण त्यांचं पुढचं वाक्य आलं. "पन पान पिकाचंच. शनवारी बाजारला न्हेऊ."

"मामंजी, चारलं तुमी. शेळीचा काय गुन्हा?" सासऱ्यासमोर मी एवढं पहिल्यांदाच बोलले.

"चार मानसांत बोललोय," ते म्हणाले, आणि आत गेले. शेळी जाते जिवानिशी, तशातली गत. शनिवारी ती जाणार हे ठरलेलंच. तोवर पाला मात्र मी चुकवला नाही.

शेळी माझ्याशिवाय पाऊल टाकेना, म्हणून मलाही चाकणला जावं लागलं. पुढं मामंजी, मधे शेळी, मागं पदर घट्ट ओढून मी. बाजारात एक व्यापारी आला. त्यानं तिच्या कण्यावरून हात फिरवला, कास पाहिली, दात पाहिले. म्हणाला, "कुठल्या डोंगरात चरती ही?"

"ही चरत न्हाई," मामंजी म्हणाले.

"मग खाती काय?"

ते काही मामंजींना ठाऊक नव्हतं. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "तिला इचारा."

मी सांगितलं. कोणत्या महिन्यात कोणता पाला, जुडी किती उंच, चुणी किती, बुडखी कशी कालवायची, सगळं. सांगताना आजूबाजूला माणसं जमली, पण मी थांबले नाही. मला कोणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं. व्यापारी म्हणाला, "एवढी बडदास्त माझी बी न्हाई माझ्या घरी." आणि त्यानं उपरण्याखाली हात पुढं केला. भाव तिथंच ठरायचा, झाकून, बोटं दाबून. मामंजींनीही हात घातला. त्यांच्या भुवया वर गेल्या. किती बोटं दाबली ते त्यांनी मरेपर्यंत मला सांगितलं नाही.

त्यांनी हात काढून घेतला.

"भाव कमी वाटला व्हय?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"न्हाई. लई हाय. पन पान शेळीनं चोरलं न्हाई, म्या घातलं. दावं खरं तर माझ्या गळ्यात पायजे." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, शेळी तुझी. इकायची का न्हाई, तू सांग."

"न्हाई इकायची," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

घरी येताना त्यांनी स्वतःला दंड ठोठावला. होळीपर्यंत शेळीचा पाला ते आणणार. दुसऱ्या दिवशी उंबराचा भारा डोक्यावर घेऊन ते भर गावातून आले. बैलांच्या शर्यतीत मिरवलेला माणूस, तो शेळीसाठी पाला वाहत होता. मी घागर घेऊन मागंच होते. पारावरून कोणीतरी मामंजींना हाक दिली, "तात्या, आता ह्ये काम तुमच्याकडं का?"

मामंजी थांबले. भारा सावरत म्हणाले, "काम सुनंचं हाय. म्या शिकतोय."