कात्रीकाकांनी कापलेली पानं

कात्रीकाकांना छापलेला कागद दिसला की आधी त्याची किंमत दिसायची. गिरणीत तुरीचा नमुना बघावा तसं ते पान चिमटीत धरून चोळायचे, जाडी अजमावायचे आणि विचारायचे, "हे पान कोन वाचतंय?" मी तोंड उघडेपर्यंत पान फाटलेलं असायचं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मला ते कितपत जमेल याची शंकाच आहे.

मी लातूरला कॉलेजात शिकवतो. सुट्ट्यांमध्ये घरी बसून मी संगणकावरचा एक युद्धाचा खेळ तयार केला होता. किल्ल्याला वेढा घालायचा, शत्रूची रसद तोडायची, आपलं सैन्य जगवायचं. एकेक डाव आठवडाभर चालायचा. असले खेळ खेळणारी माणसं मूठभर, पण हौशी. त्यांच्यासाठी मी नकाशे, तक्ते, आकृत्या घालून नियमांचं जाडजूड पुस्तक लिहिलं. खेळ थोडा खपला तरी चालेल, पण सीडीबरोबर डब्यात ते पुस्तक पूर्ण असावं, एवढी एकच माझी इच्छा होती. पैसे मात्र काकांचे होते. ते आमच्या गल्लीतले डाळमिलवाले, नात्याने माझे कोणी नव्हेत.

क्लासच्या नोट्स छापणाऱ्या एका प्रेसमध्ये आम्ही गेलो. मालकाने सरळ सांगितलं, प्रती शंभर काढा नाहीतर हजार, मशीन लावायचा खर्च तोच. आमची गिऱ्हाइकं बघता एकेक पुस्तक खेळाच्या निम्म्या किमतीला पडत होतं. काका सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तू खेळ विकायलास का रद्दी?" मग तिथल्याच टेबलावरची कात्री उचलून ते कामाला लागले. इतिहास गेला. नकाशे गेले. रसदीच्या प्रकरणाला कात्री लागली तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"काका, रसद कळली नाही तर वेढा कसा कळणार?"

"फोन करतील की. मी हाय ना सांगायला."

शेवटी एका घडीची चार पानं उरली आणि त्यांतल्या शेवटच्या पानावर काकांचा मोबाईल नंबर. त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात कात्रीकाका म्हणू लागलो. हळूहळू ते नाव गल्लीभर झालं, त्यात माझा हात होताच.

फोन आले, आणि काकांनी ते सगळे घेतले. निलंग्याला एका लग्नात आम्ही शेजारी जेवायला बसलो होतो. त्यांचा फोन वाजला आणि पानातला भात तसाच सोडून ते सुरू झाले. "आधी बैलं फुडं काढा. तोफा मागनं येऊ द्या. न्हाई, न्हाई, नदीकाठाला मुक्काम करू नका, तिथंच घात हाय." बोलता बोलता त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मळकट कागद काढले आणि त्यावर बोट ठेवून पुढचं सांगू लागले. ती माझी पानं होती. रसदीचं अख्खं प्रकरण, हळदीचे डाग पडलेलं.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "वाचूनच दाखवायचं होतं तर छापलं का नाही?"

"एक कापी पुरतीय," काका म्हणाले, आणि वाढप्याकडून गरम भात घेतला. "लोकांना वाचायचा कट्टाळा असतोय. इचारायचा नसतोय."

सगळ्यात जास्त झोंबायचं ते हे की खेळणारे त्याला 'काकांचा खेळ' म्हणायचे. रात्रंदिवस खपलो मी, आणि नाव या माणसाचं. काकांनीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

गेल्या हिवाळ्यात गिरणीतच त्यांना झटका आला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तेराव्यानंतर त्यांच्या मुलाने सिमकार्ड माझ्या हातात ठेवलं. "सर, फोन तुमचेच येतात."

मग मी हट्टाला पेटलो. आता कात्री धरणारं कुणी नव्हतं. बायकोची बोलणी खाऊन, पदरचे पैसे घालून मी पुस्तक छापलं, पूर्ण, चांगल्या कागदावर, नकाशांसह. जुन्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एकेक प्रत फुकट पाठवली. उरलेले गठ्ठे घरात रचून ठेवले.

आठवड्याने त्या नंबरावर नांदेडहून एका गृहस्थाचा फोन आला. "पुस्तक मिळालं, सर. लई झ्याक छापलंय." इतक्या वर्षांनी माझ्या पुस्तकाची कुणीतरी तारीफ केली होती. मी खुशीत विचारलं, कुठवर वाचलंत?

"वाचलं न्हाई अजून. माझ्या तोफा चिखलात अडकल्यात. जरा काकांना देता का फोन?"

काका गेल्याचं मी सांगितलं. गृहस्थ म्हणाले, "मग आता इचारायचं कुणाला?"

रसदीचं प्रकरण कितव्या पानावर आहे ते मला तोंडपाठ होतं, पण मी फोन धरून गठ्ठ्यांकडे वळलो. भिंतीशी माझी पुस्तकं रचलेली होती, एकही पान न कापलेली. काकांचा आयुष्यात कधी आला नव्हता एवढा राग मला तेव्हा आला. 'मी हाय ना' म्हणणाऱ्या माणसाने असं निघून जायचं नसतं.