घंटी आधी खाली वाजते

सन अडतीसच्या सुमारास जवळा बाजारला आठवडी बाजारात थावरा लिंबाखाली बसायचा. तांड्यावरचा म्हातारा, लहानपणी देवी येऊन दोन्ही डोळे गेलेले. आल्यागेल्याला त्याचा एकच सवाल, "बैल उठताना आधी पुढून उठतो का मागून?"

एका बाजारी त्यानं शेतकरी व्यंकटरावांना तेच विचारलं. त्यांची उभी हयात गोठ्यात गेलेली. ते फटकन म्हणाले, "पुढून! हे काय विचारणं झालं?" भोवतीच्या शेतकऱ्यांनीही माना डोलावल्या. थावरा नुसता हसला.

तेवढ्यानं व्यंकटरावांचं डोकं फिरलं. शेजारी बसलेल्या आपल्याच बैलाला त्यांनी हाकारून उठवलं. बैलानं आधी मागचे पाय सरळ केले, क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर टेकला, मग पुढून उठला. व्यंकटराव थावराकडं वळले.

"थावरा, तुला तर दिसत न्हाई. कळलं कसं?"

"घंटीवरून, मालक. बापासंगं मिठाच्या गोण्या वाहणाऱ्या बैलांमागं चाललोय मी. बैल उठाया लागला, की गळ्यातली घंटी आधी जमिनीजवळ वाजते, मग वर जाते. पुढून उठला असता, तर पहिल्यांदाच वर वाजली असती."

दुसऱ्या दिवशी पहाटे व्यंकटराव गोठ्यात गेले आणि बसलेल्या बैलांपुढं डोळे मिटून उभे राहिले.