थंडीतले क्यूब

माझी बायको आल्यागेल्याला सांगते, "ह्यांनी लग्नात माझ्या वडिलांनी दिलेली घागरसुद्धा वाजवून घेतली होती." ते खोटं आहे, पण अगदीच खोटं नाही. सैन्याच्या बांधकाम तुकडीत मी सत्तावीस वर्षं काढली. वाळू मुठीत चोळून माती किती ते बघायचं, विटेवर वीट आपटून कान द्यायचा, सिमेंटच्या पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसून आत गारवा आहे का ते चाचपायचं, ह्यातच आयुष्य गेलं. समोरचा माणूस चांगलाच असेल असं धरून चालणारा सुभेदार आमच्याकडे दोन पावसाळेही टिकत नाही. त्यामुळे घरी दूधवाला भैया आला तरी मी आधी पातेल्यात बघतो आणि मग त्याच्या तोंडाकडे.

आमच्या तुकडीला पायदळवाले 'सिमेंटवाले' म्हणून चिडवतात. चिडवोत बापडे. त्यांच्या गाड्या ज्या रस्त्यावरून वर जातात तो आम्ही केलेला असतो. बरीच वर्षं आम्ही वरतीच होतो. वरती म्हणजे सीमेजवळच्या डोंगरांत, जिथे वर्षातले सहा महिने काम चालतं आणि उरलेले सहा महिने माणसं नुसती तग धरतात. तिथून आम्हाला लखनौला आणलं ते कुटुंबांसाठी क्वार्टर बांधायला. गंमत अशी की दुसऱ्यांची क्वार्टरं बांधणाऱ्या माझ्या स्वतःच्या कुटुंबाला क्वार्टर मिळालं नव्हतं. आम्ही वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत भाड्याने राहत होतो. मी मराठीत विचारायचो, "जेवलीस का?" आणि मुलगी म्हणायची, "हाँ पापा, खा लिया." ह्या एका उत्तरावर मात्र मी कधी संशय घेतला नाही.

तुकडीत मराठी बोलणारे आम्ही दोघेच. मी मिरजेकडचा आणि माझा हवालदार परभणीचा. चौदा वर्षं तो माझ्या हाताखाली होता. चारचौघांत मी त्याला 'हवालदारसाहेब, तुम्ही' म्हणायचो आणि दोघंच असलो की 'अरे'वर यायचो. तो मात्र कायम 'साहेब'च म्हणायचा. कमी बोलणारा, कामाला वाघ, आणि सांगितलेलं काम जन्मात न विसरणारा माणूस. त्या हिवाळ्यात त्याच्या बढतीचे कागद निघाले होते. ह्या खेपेला नायब सुभेदार झाला तर ठीक, नाहीतर त्याची मुदत भरत होती. पावसाळ्याआधी हवालदार म्हणूनच पेन्शनीत जायचं. त्याचे वडीलही फौजेतून हवालदार म्हणूनच परतले होते. त्याच्या बायकोने माझ्या बायकोला फोनवर सांगितलं होतं, "वहिनी, एवढं एक झालं ना, की मला दुसरं काही नको."

आता क्यूबचं सांगतो. आम्ही स्लॅब टाकतो तेव्हा त्याच काँक्रीटचे सहा चौकोनी ठोकळे लोखंडी साच्यात भरतो. त्यांना आम्ही क्यूब म्हणतो. दुसऱ्या दिवशी साचे उघडायचे, ठोकळ्यांवर तारीख घालायची आणि ते पाण्याच्या हौदात सोडायचे. सातव्या दिवशी तीन आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तीन, असे यंत्राखाली दाबून फोडायचे. कितीला फुटले त्यावर स्लॅबची ताकद कळते आणि खालचे टेकू कधी काढायचे ते ठरतं. स्लॅब काही बोलत नाही. त्याच्या वतीने क्यूब साक्ष देतात. म्हणून बदमाश ठेकेदार पहिला हात मारतो तो क्यूबवर. स्लॅबमध्ये पातळ माल ओततो आणि क्यूबपुरता वेगळा, सिमेंट जास्त घातलेला माल कालवतो. असे क्यूब मी डोळे मिटून ओळखतो, अशी माझी घमेंड होती.

डिसेंबर संपता संपता लखनौत धुकं उतरलं. दिवस दिवस ऊन नाही. थंडीत सिमेंट आळसावतं, हे गवंड्याच्या पोरालाही माहीत असतं. सातव्या दिवसाचे आकडे उन्हाळ्यापेक्षा खाली यायला हवे होते. आमचे वर गेले. एका स्लॅबचे गेले तेव्हा मी यंत्र तपासून घेतलं. पुढच्या स्लॅबचे पुन्हा तसेच आले तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. क्यूब भरायचे, हौदात सोडायचे आणि फोडायला न्यायचे, हे सगळं हवालदाराच्या हातात होतं. आकडे बघून तो नुसता हसला आणि म्हणाला, "आपला माल पक्का आहे, साहेब." एरवी हे वाक्य मला गोड वाटलं असतं. त्या दिवशी मी ते मनात लिहून ठेवलं.

मग मी बघायला लागलो, आणि बघायला लागलं की दिसतंच. दुपारी चारचा चहा आम्ही चौदा वर्षं एकत्र घेत आलो होतो. आता चार वाजले की तो नाहीसा व्हायचा. एकदा संध्याकाळी मी हौदाकडे सहज म्हणून गेलो आणि बाही वर सारून पाण्यात हात घातला. हौद रिकामा होता. तारखेप्रमाणे आत निदान ताज्या स्लॅबचे सहा क्यूब तरी असायला हवे होते. हात बधिर होईपर्यंत मी तळ चाचपत राहिलो. दोन दिवसांनी फोडायच्या वेळी त्यांतलेच तीन क्यूब, तारखेसकट, ओलेचिंब, यंत्राशेजारी मांडलेले होते. त्याच आठवड्यात मी त्याला लांबून पाहिलं. सायकलच्या कॅरिअरला काहीतरी जड बांधलेलं, वर गोणपाट, आणि हा धुक्यातून सायकल हाताने ढकलत चाललेला. मी हाक मारली नाही. चोराला हाक मारली की तो सावध होतो, हे मला माझ्या पहिल्या सुभेदाराने शिकवलं होतं.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "तुम्ही त्यांना विचारलंत का?"

"विचारून कोण खरं सांगतं?"

"ते सांगतील," ती म्हणाली. "पण तुम्ही विचारणार नाही."

मला तिचा राग आला. तिला क्यूब काय कळतात, असं मी मनात म्हटलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. स्लॅबमध्ये कमी माल जात असेल आणि टेकू काढल्यावर उद्या त्याखाली कुणाची लेकरं झोपणार असतील, ही भीती खरीच होती. पण तिच्या आत आणखी एक भीती होती. आपल्या माणसावर नजर ठेवायला आपण चुकलो, असं कुणी म्हणेल, ही. मेजरसाहेब टेकू काढायची घाई करत होते, कारण तीच लाकडं पुढच्या इमारतीला लागणार होती. मी काही ना काही कारण काढून एकही टेकू हलू दिला नाही.

आणि नेमके तेव्हाच हवालदाराचे कागद माझ्या टेबलावर आले. बढतीआधी वरिष्ठाने माणसाबद्दल दोन ओळी लिहायच्या असतात. मेजरसाहेब म्हणाले, "साहब, आपसे बेहतर इसे कौन जानता है? लिख दीजिए." मी पेन उघडून बराच वेळ बसलो. मग एकच ओळ लिहिली: कामाचे नमुने हाताळण्याबाबत ह्यांच्या सचोटीची खातरजमा होणे आवश्यक आहे. सभ्य ओळ होती. अशा सभ्य ओळीने माणूस कायमचा घरी बसतो, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी मी खाली सही केली.

पुरावाही हातात हवा, म्हणून दुसऱ्या दिवशी चार वाजता मी त्याच्या मागे गेलो. माझ्या वयाचा सुभेदार विटांच्या ढिगांआडून लपतछपत चाललेला कुणी पाहिला असता तर पोट धरून हसला असता. सायकल साइटच्या टोकाला, लंगरापाशी थांबली. लंगर म्हणजे आमचं जवानांचं स्वयंपाकघर. तो आत गेला, थोड्या वेळाने रिकाम्या हातांनी बाहेर आला आणि परत गेला. मग मी आत शिरलो. पाणी तापवायच्या मोठ्या बंबाला टेकून एक लोखंडी ड्रम ठेवला होता, आणि त्यात कोमट पाण्यात आमचे क्यूब ओळीने बसले होते. बाजूला एकही पोतं नाही, साचा नाही, कालवलेला माल नाही. मी एकेक ठोकळा बाहेर काढून बघितला. तेच होते. तारीखही त्याच्याच तिरप्या अक्षरातली.

लंगरचा उस्ताद कणीक मळत होता. तो वैतागून म्हणाला, "सूबेदार साहब, इनको समझाइए. रोज़ शाम को पत्थर नहलाने आ जाते हैं, सुबह उठा ले जाते हैं. कहते हैं, साहब का हुकुम है."

"किस साहब का?" मी विचारलं.

"आपका," तो म्हणाला.

मी तिथेच एका पिंपावर बसलो. हुकूम माझाच होता. दहा-बारा वर्षांपूर्वी वरती, पहिल्याच हिवाळ्यात, हौदातलं पाणी गोठून आमचे क्यूब तडकले होते. तेव्हा मी चिडून ह्याला सांगितलं होतं, "हौदात हात बधिर व्हायला लागला की क्यूब लंगरात बंबाशेजारी ठेवायचे. दिवस मावळायच्या आत. मी असो-नसो, मला विचारत बसायचं नाही." वरती ते बरोबरच होतं. तिथे आम्ही स्लॅबवरही ताडपत्री ओढून आत शेगड्या पेटवायचो. म्हणजे स्लॅब आणि क्यूब दोघंही सारखेच उबेत. लखनौत स्लॅब उघड्यावर धुक्यात कुडकुडत होता आणि क्यूब बंबाशी शेकत बसले होते. म्हणून आकडे चढले होते. हवालदाराचा लखनौमधला हा पहिलाच हिवाळा. त्याने सकाळी हौदात हात घातला, हात बधिर झाला, आणि त्याला माझा हुकूम आठवला. मला तो आठवला नाही. मी तो पुरता विसरूनच गेलो होतो.

चूक होती, आणि साधी नव्हती. त्या आकड्यांवर भिस्त ठेवून टेकू काढले असते तर कच्चा स्लॅब उघडा पडला असता. माझ्या संशयाने तेवढं वाचवलं, हे मी स्वतःशी दोन-तीनदा घोकून पाहिलं. घोकून काही बरं वाटलं नाही.

मी तसाच मेजरसाहेबांकडे गेलो, सगळं सांगितलं आणि माझी ओळ खोडायची परवानगी मागितली. त्यांनी कागद पुढे ओढला. "साहब, लिखी हुई बात काटी नहीं जाती," ते म्हणाले. "इसके नीचे दूसरी लिखिए. और नियम आप जानते हैं, उसे दोनों पढ़कर साइन करना होगा." मी खाली लिहिलं की नमुने माझ्या जुन्या तोंडी हुकुमावरून हलवले गेले, चूक माझी आहे आणि ह्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही.  

हवालदाराला बोलावलं. त्याने उभ्यानेच वाचलं. पहिल्या ओळीवर तो थांबला. दुसरी त्याने भराभर वाचली, जणू ती दुसऱ्याच कुणाबद्दल होती. सही केली. बाहेर व्हरांड्यात मी म्हटलं, "अरे, माझं चुकलं."

"चुकलं तर माझंच, साहेब," तो म्हणाला. "लखनौ म्हणजे वरती नाही, हे कळायला पाहिजे होतं." मग टोपी नीट करत हळूच म्हणाला, "पण तुम्ही मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

बढती झाली. मार्चमध्ये त्याच्या खांद्यावर तारा लागला. तो सपत्नीक पेढे घेऊन घरी आला. बायका पोटभर बोलल्या. आम्ही दोघं लखनौच्या उन्हाळ्याबद्दल बोललो. महिन्याभरात त्याला एका तुकडीबरोबर पुन्हा वरती जायचा हुकूम आला. जाण्याआधी त्याच्या ताब्यातलं साहित्य माझ्या ताब्यात द्यायचं होतं. साचे, दुर्बिणी, लेव्हलची यंत्रं, सगळं पेट्यांत. चौदा वर्षांत आम्ही असा ताबा कितीदा घेतला-दिला असेल. तो यादी पुढे करायचा, मी पेटी न उघडता सही करायचो, आणि मग आम्ही चहाला जायचो. त्या दिवशीही मी यादी घेतली आणि पेन काढलं.

"थांबा साहेब," तो म्हणाला. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि पहिली पेटी उघडली.

"अरे, राहू दे. तुझ्यावर विश्वास नाही का माझा?"

तो दुसरी पेटी उघडायला वाकला. मग तिसरी. सगळ्या पेट्या उघडून झाल्यावर तो बाजूला सरला, हात मागे बांधले आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

"मोजून घ्या, साहेब," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी गुडघ्यावर बसलो आणि एकेक वस्तू उचलून यादीशी ताडून बघत गेलो. पाऊण तास लागला. सगळं बरोबर होतं.