शरिफाबीची तुरटी

शरिफाबीला गढूळ पाण्याचा भारी तिटकारा. दारात भिकारी आला तरी तुरटी फिरवून निवळलेलं पाणीच त्याच्या हातात द्यायची. पावसाळ्यात नदी बालाघाटाच्या कड्यांवरून लालभडक होऊन धावत यायची. सगळं गाव नाक मुरडून तेच पाणी प्यायचं, पण हिच्या भरल्या रांजणाचाही तळ दिसायचा.

त्या नदीवर सरकारी तळं व्हायचं ठरलं आणि तिचं एकुलतं एक काळं रान त्यात गेलं. ती रडली, पण अडून बसली नाही. खालच्या गावांना पाणी मिळेल, एवढ्याच बोलीवर तिनं अंगठा उठवला. नदी किती गाळ आणते यावरून तळं किती वर्षं टिकेल ते कळणार होतं. म्हणून पुराचं पाणी बाटल्यांत भरून पाठवायचं काम निघालं, आणि ते तिच्या लेकाला, मकबूलला मिळालं.

श्रावणात मोठा पूर आला. मकबूल कमरेला दोर बांधून धारेत उतरला, बाटल्या भरून घरी आणल्या आणि आडवा झाला. बाटल्या पाहून शरिफाबीचं डोकंच फिरलं. सरकारच्या दारी असलं पाणी धाडायचं? तिनं तुरटी फिरवली, निवळ पाणी परत बाटल्यांत भरलं आणि खालचा गाळ भोपळ्याच्या आळ्यात ओतला.

मकबूल उठला आणि त्यानं कपाळावर हात मारला. "अम्मा, त्यो गाळच तर पायजे होता!"

चूक आपली, म्हणून तीही त्याच्याबरोबर तळ्याच्या कचेरीत गेली. साहेब खो खो हसले. त्यांनी आवारातली मूठभर माती मागवली, बाटल्यांत टाकली आणि हलवली. "झालं. कोण बघतंय?"

शरिफाबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, म्या अडानी. म्या अब्रूपायी निवळलं. तुमी शिकले-सवरलेले, तुमी कशापायी गढूळ करताव? माजं रान चाललंय ह्यात!"

"बाई, एका मुठीनं काय बिघडतंय?"

मकबूलनं त्या बाटल्यांना हात लावायला साफ नकार दिला, तर त्याचं कामच गेलं. बाटल्या मात्र मानानं वरच्या कचेरीत पोचल्या. त्या मूठभर मातीवरून नदी गाळ थोडाच आणते, असा शहाण्यांचा निकाल लागला आणि तळं बांधलं. लाज म्हणून कुणाला वाटली नाही!

तळं गाळानं भरत गेलं आणि खालच्या गावांचे पाट कोरडे पडले. शरिफाबीचं रान आधी पाण्याखाली गेलं आणि चार-दोन पावसाळ्यांत गाळाखाली.