बस्त्यात विचारू नये असा प्रश्न

“नवरी रंगानं कशी आहे?” मी विचारलं.

प्रश्न नेहमीचा होता. इतवारी बाजारातल्या आमच्या कापडदुकानात लग्नाच्या सीझनमध्ये मी तो रोज विचारत असे. समोर गादीवर दोन पार्ट्या बसल्या होत्या. दुकानात आम्ही गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतो. एक मुलाकडची, कन्हान गावची. दुसरी मुलीकडची, पारशिवनीजवळच्या खेड्यातली.

“उजळ,” मुलाची आई म्हणाली.

“सावळी,” मुलीची आत्या म्हणाली.

दोघी एकाच वेळी बोलल्या. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्यानंतर दोघींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात शालूची अर्धी उलगडलेली घडी होती. ती मोडावी की परत ठेवावी, हे मला कळेना.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लग्नाच्या कापडखरेदीला आमच्याकडे बस्ता म्हणतात. बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं एकाच दिवशी, एकाच दुकानात, एकाच गादीवर बसतात. नवरीचा शालू मुलाकडचे घेतात, नवरदेवाचे कपडे मुलीकडचे घेतात, आणि मानाच्या साड्या दोघं एकमेकांना देतात. नवरी मात्र बस्त्याला येत नसे. निदान त्या काळात, म्हणजे सत्तर सालाच्या आसपास, आमच्या दुकानात येणाऱ्या घरांमधून तरी नाही. तिचा शालू ती सोडून सगळे पसंत करत. म्हणून सेल्समनला तिचा रंग विचारावा लागे. उजळ असली तर डाळिंबी काढायचा, सावळी असली तर मोरपंखी.

“कोन सावळी?” मुलाच्या आईनं विचारलं. त्यांचं नाव राधाबाई. यजमान हयात नव्हते, घरात त्यांचाच शब्द चालत असे.

“आमची शकुन,” आत्याबाई म्हणाल्या. “म्हणजे नवरीच. काहून वं?”

“मले तं उजळ सांगतलं.”

“कोनं सांगतलं?”

राधाबाई आपल्या भावाकडे वळल्या. नवरदेवाचे मामा गादीच्या कडेला चहा पीत होते. मुलगी पाहायला तेच गेले होते, सोबत नवरदेव. राधाबाईंचे गुडघे दुखत. बसनं जाऊन पुढे बैलगाडीत बसणं त्यांना झेपण्यासारखं नव्हतं. त्यांनी भावावर विश्वास ठेवला होता.

“काहून गा दादा? तू तं म्हणे, दुधासारखी हाय.”

मामांनी कप खाली ठेवला. “संध्याकाळ झाली होती, राधे. कंदील होता.”

“कंदिलात मानूस उजळ दिसते का काळं दिसते?”

मामांनी कप परत उचलला.

राधाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठल्या, त्यामुळे ते जास्तच भयंकर वाटलं. “आज बस्ता बांधाचा नाही,” त्या म्हणाल्या. “घरी जाऊन पाहू काय कराचं ते.”

मुलीचे वडील, सीतारामजी, आत्याबाईंच्या मागे बसले होते. साधा, हडकुळा माणूस. तेही उठले. त्यांनी हात जोडले. पत्रिका छापून झाल्या होत्या. बस्ता न बांधता मुलाकडचे दुकानातून उठले, ही बातमी त्यांच्या आधी गावात पोचली असती. मग त्या मुलीसाठी दुसरं स्थळ कोणी सांगितलं असतं?

काउंटरवरून दुकानाच्या मालकांचा, शेटजींचा आवाज आला, “देवराव, क्या हो गया?”

देवराव म्हणजे मी. काय झालं ते मला चांगलं कळत होतं. माझा स्वभाव असा की रस्त्यात कोणाचा धक्का मला लागला तरी माफी मीच मागतो. इथे तर एका मुलीचं ठरलेलं लग्न माझ्या एका प्रश्नानं मोडत होतं. मी आयुष्यात तिला पाहिलंही नव्हतं.

राधाबाई पायात चपला घालत होत्या. मी हातातला डाळिंबी शालू घेऊन त्यांच्या आधी दारात पोचलो.

“बाई, एकदा उजेडात तर पाहा,” मी म्हणालो.

आता, शालू उजेडात पाहावा हा सल्ला मी आजही सगळ्यांना देतो. ट्यूबलाइटखाली प्रत्येक कापड थोडं खोटं बोलतं. पण त्या वेळी मी सल्ला देत नव्हतो. मला फक्त त्यांना थांबवायचं होतं. पुढचं काही सुचेना, म्हणून मी सवयीनं जे करतो ते केलं. शालूची घडी पूर्ण मोडली, कमरेला एक वेढा घेतला, खांद्यावर पदर टाकला आणि घाबरून तो डोक्यावरूनही घेतला.

साडी स्वतःच्या अंगावर टाकून दाखवणं हा आमच्या धंद्याचा भाग आहे. पण ते दुकानाच्या आत, गादीवर. मी भर इतवारीत, दुकानाच्या पायरीवर उभा होतो. मला मिशा आहेत. आणि मी चांगला काळा आहे.

एक सायकलरिक्षावाला थांबला. “नवरी झकास हाय, शेट,” तो म्हणाला आणि पायडल मारून निघून गेला.

“बाई,” मी पदर सावरत म्हणालो, “सावळी म्हणजे केवढी, ते तरी विचारा. माझ्याएवढी असेल तर माझं काही म्हणणं नाही.”

आत्याबाई गादीवरून तडक दारात आल्या. “तुह्याएवढी?” त्या म्हणाल्या. “तोंड पाह्य आरशात. तू तं तव्याचं बूड. आमची शकुन तुह्या बाजूले उभी केली तं लोकायले डोळे मिटा लागन.”

राधाबाईंचा ओठ एका बाजूनं हलला. त्यांनी तो लगेच सरळ केला. पण मी सेल्समन आहे. गिऱ्हाईक कधी विरघळतं ते मला ओठांवरून कळतं.

“अन् मी कोनती उजळ हाय,” राधाबाई म्हणाल्या. आता त्या आत्याबाईंशी बोलत होत्या, शांतपणे. “मले रंगाचं काही नाही, बाई. मले खोटं काहून सांगतलं? आज रंग खोटा सांगतला, उद्या अजून काय निघन?”

आत्याबाईंनी पदर कमरेला खोचला. खोटं त्यांच्याकडून नव्हतं, पण बोट त्यांच्याकडेच दाखवलं जात होतं.

“आई, मामाले मीच सांगतलं.”

हा आवाज सूटच्या कापडांकडून आला. नवरदेव तिथे उभा होता. मनोहर त्याचं नाव. खापरखेड्याच्या पावर हाऊसमध्ये नोकरी, उंच, अबोल. तो इतका वेळ एकाच कापडाचा तुकडा बोटांनी चोळत होता.

“काय सांगतलं?”

“हेच का आईले उजळ म्हणून सांग. तू म्हणत होती ना, पोट्टी उजळच पाहिजे. मले हेच स्थळ कराचं होतं.”

“काहून?”

मनोहरनं मामांकडे पाहिलं. मामा आता मोकळे झाले होते. झाकण उडालंच होतं. “सांग बाप्पा,” ते म्हणाले. “नाहीतर मी सांगतो. राधे, आम्ही गेलो तं यायनं सांभारवडी दिली खायले.”

सांभारवडी म्हणजे सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, तिखट सारण भरून तळलेली वडी. आमच्याकडे हिवाळ्यात पाहुण्यांसाठी करतात, आणि ती नीट जमणं हे सुगरणीचं लक्षण समजतात.

“मी म्हटलं, वा, वडी पोरीनं केली वाटते,” मामा म्हणाले. “सीतारामजी म्हणे, हाव. अन् पोरगी म्हणे, नाही बाबा, आत्याबाईनं केली. मी नुसता सांभार निवडला.”

सीतारामजींनी मान खाली घातली. “तशीच हाय ते,” ते म्हणाले. त्या दिवशी दुकानात त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य.

“वडी माहीच होती,” आत्याबाई म्हणाल्या. “तिनं सांभारही धड निवडला नव्हता. दात कचकच वाजत होते.”

राधाबाई हसल्या. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मग गुडघ्याला हात लावून त्या दुकानाच्या पायरीवरच बसल्या.

“पाह्य गा दादा,” त्या भावाला म्हणाल्या, “पोट्टी भर पाहुण्यायत खरं बोलते, अन् माहा पोट्टा तिच्यासाठी खोटं बोलते. अशा घरात एक तं खरं बोलणारी पाहिजे. तुम्ही दोघं कामाचे नाही.”

“नाही वं,” मामा म्हणाले.

राधाबाईंनी चपला काढल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी अजून पदर घेऊन उभा होतो.

“हे सोड आधी,” त्या म्हणाल्या. “तुले शोभत नाही. अन् तिले मोरपंखी दाखव.”

त्यानंतर बस्ता दुपारपर्यंत चालला. मानाच्या साड्यांवरून आत्याबाई आणि राधाबाई दोनदा भांडल्या, पण ते चांगलं भांडण होतं. दोघी एकमेकींना जास्त भारी साडी घ्यायला लावत होत्या. मनोहरच्या सूटचं कापड कोणीच त्याला विचारून घेतलं नाही. शिक्षा म्हणून असेल.

गाठोडं बांधून झाल्यावर शेटजींनी मला जवळ बोलावलं. “देवराव,” ते म्हणाले, “साड़ी दिखाने का तरीका अच्छा है. लेकिन पायरी पे नहीं. सामनेवाला पूछ रहा था, नाटक कंपनी खोली क्या.”

दुसरा कोणी असता तर गोष्ट इथे संपली असती. माझी संपली नाही. लग्न पार पडलं, मी मात्र घरी जेवताना मधेच हात थांबवून बसू लागलो. ज्या मुलीला मी ओळखत नाही, तिच्या रंगाची चर्चा माझ्यामुळे भर बाजारात झाली होती. त्यात मी तिची माझ्याशी तुलनाही करून ठेवली होती. बायको म्हणाली, “एकदा भेटली तर माफी मागून टाका, आणि आता भात संपवा.”

दिवाळीच्या तोंडावर भेट झाली. राधाबाई सुनेला घेऊन खरेदीला आल्या. मला पाहताच म्हणाल्या, “शकुन, हे पाह्य, हेच ते देवरावभाऊ. यायनंच तुहा शालू काढला.”

शकुननं हसून मान हलवली. सावळी, तरतरीत मुलगी, डोळे अगदी थेट बघणारे. मी हात जोडले.

“ताई, त्या दिवसाची माफी मागायची होती,” मी म्हणालो.

“कोनत्या दिवसाची?”

राधाबाईंनी माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. तो इशारा होता, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटलं, त्या म्हणत आहेत, बोला.

मी बोललो. रंगाचा प्रश्न, उजळ आणि सावळी, चपला, पायरी, मनोहरची कबुली, सगळं सांगितलं. सांगता सांगता मला जाणवलं की शकुनच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीच दिसत नाही. तिला यातलं एक अक्षर कोणी सांगितलेलं नव्हतं. पण गाडी उतारावर होती, आणि मी शेवटपर्यंत पोचलो.

राधाबाई माझ्याकडे पाहत म्हणाल्या, “बह्याड हाय का गा तू?”

शकुन सासूकडे वळली. नवऱ्याबद्दल तिनं विचारलं, “यायनं म्हटलं, मीच सांगतलं म्हणून? सगळ्यायसमोर?”

“हाव. भर दुकानात.”

“अन् वडीचं?”

“ते बी निघालं.”

शकुननं तोंड मागच्या कपाटाकडे वळवलं. तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं, ती रडते आहे. मी दुसऱ्यांदा माफी मागायला सुरुवात केली, तेव्हा ती वळली. ती हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

“मले म्हणतात, वडी चांगली होती म्हणून हो म्हटलं,” ती म्हणाली. “दर वेळी आत्याबाईची तारीफ. मी म्हणत जाओ, मंग आत्याबाईसंगच कराचं होतं लगन.”

राधाबाईही हसू लागल्या. मग शकुननं डोळे पुसले आणि समोर दिसणारे साडीचे गठ्ठे बाजूला सारले.

“साडी राहू द्या, भाऊ. यायच्यासाठी शर्टपीस दाखवा. चांगल्यातला.”

“त्याले विचाराचं नाही का कोनता पाहिजे?” राधाबाई म्हणाल्या.

“त्यायले काय विचारता, आई. ते काही खरं सांगतात का?”

तिनं फिकट निळा घेतला. त्याआधी तो दारात नेऊन उजेडात पाहिला.

या अनुभवावरून बस्ता बांधायला जाणाऱ्यांना मी एवढंच सांगेन. शालू पसंत करायचा असेल तर नवरीला सोबत न्या. ते जमत नसेल तर तिनं घरात वापरलेली, तिच्या आवडीची एखादी साडी बरोबर ठेवा. सेल्समनच्या प्रश्नावर अवलंबून राहू नका. मी स्वतः तो प्रश्न सोडून दिला. आता वेगवेगळ्या रंगांच्या काही साड्या न बोलता पसरतो आणि मुलीकडच्या बायकांचा हात कुठे जातो ते बघतो.

आणि माफीबद्दल. माफी जरूर मागावी. फक्त ज्याची मागायची त्याला आपला गुन्हा माहीत आहे का, ते आधी बघून घ्यावं.

त्या संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती खूप हसली. मग एकदम थांबली आणि म्हणाली, “हे बघा, आता त्या मामांची माफी मागायला कन्हानला जाऊ नका.”

मी पाण्याचा तांब्या उचलला. दुकानातून येताना मी कन्हानच्या बसची चौकशी करून आलो होतो.