लाल कौलांचा दवाखाना

छापखान्यात त्यांना सगळे उलटेमास्तर म्हणत. कागदावर सुलटं उमटावं म्हणून छपाईच्या दगडावर चित्र उलटं काढायचं, हे काम जन्मभर केल्यामुळे स्वारीचा डाव्या-उजव्याचा पार घोळ झाला होता. बायको म्हणायची, "यांना कोपऱ्यावर भाजीला पाठवलं तर शेजारच्या गावात सापडतील."

चहा कंपन्यांची नकाशा-पोस्टरं त्यांनीच करावीत. नकाशा आपला नावाला. खरी मजा चित्रांची: मळे, आगगाडी, पाठीवर टोपली घेतलेल्या हसऱ्या बाया. मास्तरांनी मळा उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मालकाला मात्र मोकळा कागद खपत नसे. "ओकंबोकं दिसलं की चहा पचपचीत वाटतो," म्हणायचा. मग मास्तर कुठे झाड टाकत, कुठे होडी. एकदा नदीच्या वळणावर त्यांनी लाल कौलांचा दवाखाना काढला, दारात पांढऱ्या कपड्यातली नर्स. इतका झकास उतरला की स्वतःच खूश झाले.

ते पोस्टर बघून धाकट्या भावाने मळ्यावर कारकुनी पत्करली. त्याची बायको पोटुशी होती. निघताना त्याने पोस्टरची घडी ट्रंकेत ठेवली. "दादाचाच नकाशा आहे, हरवतोय कशाला!" मास्तरही हसले. तो दवाखाना त्यांच्या ध्यानीमनीही नव्हता.

बाळंतपण अडलं. सुईणीने हात टेकले. मळ्याचा डॉक्टर खाली कारखान्यापाशी राहायचा, पण तो नुसता औषधांपुरता, बाळंतपणाला दवाखानाच हवा असं समजून धाकट्याने बैलगाडी जुंपली ती नदीच्या वळणाकडे. तिथे नुसतं रान. गाडी मागे फिरवेपर्यंत बायकोही गेली, मूलही गेलं.

तो परत आला तो दादाकडेच. घरी भिंती खायला उठतात म्हणून छापखान्यात मास्तरांशेजारी बसून राही. एकच धोशा: "वाट चुकलो रे, दादा. तुझ्या नकाशात तर स्पष्ट होतं. मीच करंटा." मास्तर खरं सांगायला तोंड उघडत आणि "चहा घेतोस?" एवढंच विचारत. भ्याडपणा तो, त्याला दुसरं नाव नाही.

पुढे दुसऱ्या कंपनीचं काम आलं. मालक दगडावर वाकून म्हणाला, "मास्तर, डोंगरापलीकडे टाका की काहीतरी."

मास्तरांचा हात डोक्याआधी चालायचा. बघता बघता तेलकट खडूने शाळा उभी राहिली, तिच्यापुढे मुलंही.

धाकटा सरसावून बसला. "दादा, इथे शाळा आहे?"

मास्तर खडू चालवत राहिले. मालकच हसला, "अहो, यांच्या मनात असेल ते! शाळा नको असेल तर विहीर काढतील." आणि पुढच्या यंत्राकडे गेला.

धाकटा त्या दगडावर वाकला. मग अगदी हळू म्हणाला, "आणि तो दवाखाना?"

आता पळायला जागा नव्हती. मास्तरांनी खडू खाली ठेवला. "त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही रे," ते म्हणाले.

धाकट्याने आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

"गाडीत ती सारखी विचारत होती, अजून किती लांब," तो म्हणाला. "मी म्हणत होतो, आलंच. दादाने काढलंय."